प्रगणकाचा दुसरा प्रश्न

चुलीपाशी, गोठ्यात, नाहीतर शिलाई मशीनवर बसून ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. घरात रेडिओ लागलाय म्हणून कानावर पडतंय, अशा दादा-भाऊंनाही नमस्कार. तुम्हीही ऐका, विषय तुमच्याही घरचा आहे.

आजचा विषय नावाने जड आहे: सरकारी माणसांना स्त्री-पुरुष समानता शिकवण्याचा इतिहास. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. सरकारी माणसाला काय शिकवलं गेलं, यावर आपल्या गावात नळ कुठे येतो, रोजगार हमीवर मजुरी किती पडते, कागदावर आपण कामकरी ठरतो की बसून खाणाऱ्या, हे सगळं ठरत आलं आहे. आम्ही गटाच्या समन्वयक वर्षभर बायकांचे फॉर्म भरत असतो. कर्जाचा, विम्याचा, घरकुलाचा. त्यात ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. पहाटे गोठा, दिवसभर रान आणि रात्री चूल सांभाळणारी बाई त्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहा म्हणते. हा शब्द तिच्या तोंडी कुठून बसला, याचा माग काढायला आम्ही जुने अहवाल वाचायला घेतले. माग बराच लांब गेला.

सुरुवात स्वातंत्र्याच्याही आधी आहे. १९३८ साली काँग्रेसने राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष. देश स्वतंत्र झाल्यावर शेती कशी, कारखाने कसे, वीज कशी, याचा विचार करायला तिच्या उपसमित्या होत्या, आणि त्यातली एक होती ‘नियोजित अर्थव्यवस्थेत स्त्रियांचं स्थान’ या विषयावर. अध्यक्ष होत्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे. या उपसमितीने म्हटलं, की बाईकडे कुटुंबाचा भाग म्हणून न बघता एक स्वतंत्र माणूस म्हणून बघा, घरातल्या तिच्या कामाला किंमत आहे असं धरा आणि मिळकतीत तिचा हक्क माना. हा अहवाल १९४७ साली छापून आला. आज वाचला तरी काही गावांत भांडण लागेल, असा आहे.

पण पुढे १९५१ला पहिली पंचवार्षिक योजना आली, त्यात या विचाराचा मागमूस नाही. बायकांचा विषय गेला ‘समाजकल्याण’ या कप्प्यात. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख त्याच्या अध्यक्ष. (आपल्या रायगडचे चिंतामणराव देशमुख, त्या वेळचे अर्थमंत्री, त्यांच्या त्या पत्नी.) दुर्गाबाईंचं काम मोठं होतं, त्यात वाद नाही. पण सरकारची मांडणी अशी झाली, की शेती खातं म्हणजे शेतकरी पुरुष, उद्योग खातं म्हणजे कामगार पुरुष, आणि बाई, अपंग, निराधार हे सगळे कल्याण खात्यात. कृषी अधिकाऱ्याला बाईबद्दल काही ठाऊक असायची गरजच उरली नाही. ते त्याचं खातं नव्हतं ना!

याचा परिणाम कसा झाला, ते जनगणनेत उघडं पडलं. इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

जनगणनेत दारोदार जाऊन माहिती लिहिणाऱ्याला प्रगणक म्हणतात. बहुतेक वेळा आपल्याच शाळेतले गुरुजी किंवा बाई, कधी तलाठी, कधी ग्रामसेवक. त्यांना काही दिवसांचं प्रशिक्षण देतात, हातात सूचनांची पुस्तिका देतात आणि मग ते आपल्या दारात येतात. १९६१च्या जनगणनेत सूचना अशी होती, की शेती, दूधदुभतं, घरगुती धंदा असं हंगामी काम असेल, तर हंगामाच्या बऱ्याचशा काळात रोज तासाभराहून जास्त काम करणारी व्यक्ती कामकरी धरायची. त्या हिशेबाने देशात जवळपास ६ कोटी बायका कामकरी निघाल्या.

१९७१ला प्रश्न बदलला. आता विचारायचं, ‘तुमचं मुख्य काम काय?’ बाईचं मुख्य काम काय, तर घरकाम. आणि घरकाम म्हणजे काम नाही. झालं! दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, कामकरी पुरुषांचा आकडा वाढला, आणि कामकरी बायका उरल्या ३ कोटी १० लाखांच्या आसपास. जवळपास निम्म्या गायब. शेतातलं खुरपं कुणी खाली ठेवलं नव्हतं. प्रश्न बदलला, एवढंच.

आणि बघा कसा योग. त्याच सुमाराला महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ पडला. आपल्या आज्या अजून त्याला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात आणि मिलोची, सुकडीची आठवण काढतात. मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडत होत्या, पाझर तलावाची माती वाहत होत्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर गेली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. म्हणजे जनगणनेचा कागद सांगत होता की या बायका काम करत नाहीत, आणि हजेरीपटावर त्यांचे अंगठे उमटत होते. दोन्ही कागद सरकारीच.

याच वेळी दिल्लीत एक समिती काम करत होती. १९७१ साली केंद्र सरकारने देशातल्या स्त्रियांची स्थिती तपासायला ती नेमली. अध्यक्ष फुलरेणू गुहा, आणि पुढे सदस्य-सचिव म्हणून वीणा मजुमदार आल्या. समितीचा अहवाल १९७४च्या अखेरीस तयार झाला, त्याचं नाव ‘समानतेकडे’. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष जाहीर केलं होतं, त्यासाठी काहीतरी गोड अहवाल येईल अशी सरकारची अपेक्षा असावी. आला तो कडू. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ बायका होत्या, त्या १९७१पर्यंत ९३० झाल्या, हे या समितीने टेबलावर ठेवलं. शिकलेल्या, कायदे जाणणाऱ्या सदस्यांनाही हे आकडे हादरवून गेले. त्याच काळात मुंबईत नीरा देसाई यांनी एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. म्हणजे बाईचं काम मोजायचं कसं, याचा अभ्यास करणारी माणसं आपल्या राज्यातही तयार होऊ लागली.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. सहाव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९८०ला, स्त्रियांवर पहिल्यांदा स्वतंत्र प्रकरण आलं. १९८५ला केंद्रात महिला व बालविकास विभाग झाला. १९८८ला इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल आला. तो विडी वळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, कागद-काच वेचणाऱ्या बायकांविषयी होता. आपल्यासारख्यांविषयीच म्हणा ना.

आता परत प्रगणकाकडे येऊ. १९८१च्या जनगणनेत प्रश्न जरा सुधारला. ‘गेल्या वर्षात कधी तरी काम केलं का?’ असं विचारायला लागले, आणि १८३ दिवसांहून कमी काम असेल तर सीमांतिक कामकरी असा वेगळा गट केला. तरी बायकांचं काम पूर्ण येईना. कारण दारात उत्तर कोण देतं? घरचा कर्ता पुरुष. प्रगणक विचारतो, ‘बायको काय करते?’ तो म्हणतो, ‘काही नाही, घरीच असते.’ प्रगणक लिहून घेतो. त्याच्या स्वतःच्या घरीही तेच उत्तर असतं, मग त्याला त्यात वावगं कसं वाटणार?

१९९१च्या जनगणनेआधी स्त्री-अभ्यासक, संघटना आणि संयुक्त राष्ट्रसंघाची युनिफेम ही संस्था यांनी जनगणना कार्यालयाबरोबर या एका गोष्टीवर काम केलं. प्रश्नात कंसात चार शब्द घातले: शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामसुद्धा धरून. आणि प्रगणकांच्या प्रशिक्षणात बाईच्या कामावर वेगळा भर दिला. ‘काही नाही करत’ हे उत्तर आलं तर तिथे थांबायचं नाही, दुसरा प्रश्न विचारायचा. पेरणीला जाते का? खुरपणीला? गुरांचं कोण बघतं? दूध कोण काढतं? मडकी, टोपल्या, विड्या, यात तिचा हात असतो का? आमच्या मते या देशात सरकारी माणसांना बाईकडे बघायला शिकवण्याचा सगळ्यात मोठा वर्ग तोच होता. त्यावर कुणी मोठा समारंभ केला नाही. शाळेच्या खोलीत बाकावर बसून लाखो गुरुजींनी तो ऐकला.

आकडे बघा. १९८१ला शंभरातल्या साधारण १९.७ बायका कामकरी लिहिल्या गेल्या होत्या, १९९१ला २२.३, २००१ला २५.६. २००१ला तर घरच्यापुरतंच दूध काढणारीलाही कामकरी धरा अशी सूचना होती. सगळी वाढ प्रशिक्षणामुळेच झाली असं आम्ही म्हणणार नाही. पण ‘दुसरा प्रश्न’ विचारल्याशिवाय ती दिसली नसती, हे नक्की. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: स्वयंपाक, पाणी भरणं, मुलाबाळांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं, हे आजही जनगणनेत काम धरत नाहीत.

त्याच १९९०च्या दशकात वरच्या अधिकाऱ्यांचे वर्गही सुरू झाले. मसुरीला आयएएस अधिकारी घडवणारी लालबहादूर शास्त्री अकादमी आहे, तिथे यासाठी वेगळं केंद्र झालं. पुण्यात बाणेर रस्त्यावर यशदा आहे, तिथे आपल्या राज्यातल्या अधिकाऱ्यांपासून सरपंचांपर्यंत सगळे येतात. १९९५ साली बीजिंगला जागतिक महिला परिषद झाली आणि तिथे सगळ्या देशांनी कबूल केलं, की स्त्री-पुरुष समानता हे एका खात्याचं काम नाही, प्रत्येक धोरण आखताना ती बघायची. कबूल केलं म्हटल्यावर शिकवणं आलं.

शिकवतात काय? आमच्यापैकी काही जणींनी गटाच्या प्रशिक्षणात हीच साधनं वापरली आहेत, म्हणून सांगू शकतो. पहिलं असतं चोवीस तासांचं घड्याळ. कागदावर एक गोल बाईचा, एक पुरुषाचा. पहाटे चारपासून काय काय केलं ते भरायचं. पुरुषाच्या गोलात मोठे मोठे तुकडे येतात: शेत, जेवण, पार, झोप. बाईच्या गोलात तुकडे इतके बारीक होतात की पेन मावत नाही, कारण एका वेळी ती तीन कामं करत असते. दुसरं साधन म्हणजे वापर कुणाचा आणि ताबा कुणाचा. म्हैस राबवते बाई, धार काढते बाई, डेअरीचं पुस्तक कुणाच्या नावावर? बँकेतून पैसे कोण काढतं? लंडनमध्ये नियोजन शिकवणाऱ्या कॅरोलिन मोझर यांनी या वर्गांसाठी आणखी एक फरक लोकप्रिय केला. बाईची रोजची गरज वेगळी आणि तिची जागा बदलणारी गरज वेगळी. नळ घराजवळ आला तर हेलपाटा वाचतो, ही रोजची गरज. पण पाणी समितीत ती बसली, किंवा सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं, तर घरातली तिची जागा बदलते. अधिकाऱ्याने योजना आखताना दोन्ही बघायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण कामावर कसं उतरतं ते रोजगार हमीत दिसतं. मजुरी मोजमापावर असते. किती घनमीटर माती खणली, किती अंतरावर टाकली. ते दर पूर्वीपासून धडधाकट पुरुष दिवसात किती खणतो यावर बसवलेले. बाई, त्यातून बाळंत झालेली किंवा म्हातारी, दिवसभर राबूनही पूर्ण मजुरीला पोचत नाही. २००५चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा आला तेव्हा निदान एक तृतीयांश कामकरी बायका असाव्यात, सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, अशा तरतुदी झाल्या. आणि दर ठरवताना बायकांच्या कामाचा प्रत्यक्ष वेळ मोजा, असंही सांगितलं गेलं. इंजिनिअरने टेप लावताना हे ध्यानात ठेवलं तरच त्याचा उपयोग. इथे आमचं मत स्पष्ट आहे: प्रशिक्षणाने कागदावरचा प्रश्न किंवा दर बदलला, तर तो साहेब बदलून गेल्यावरही बदल टिकतो. नुसतं साहेबाचं मन बदललं, तर बदलीच्या ऑर्डरबरोबर तेही दुसऱ्या जिल्ह्यात जातं.

अजून एक खोड सांगायलाच हवी. ‘जेंडर’चं प्रशिक्षण आलं, की ऑफिसातल्या बाईलाच पाठवतात. बांधकामवाले, पाणीपुरवठावाले, लेखावाले साहेब खुर्चीतच राहतात. ज्याच्या सहीने पैसा जातो, त्याने तो वर्ग ऐकायचा असतो.

पैशाचीही गोष्ट इथेच येते. २००५-०६च्या अर्थसंकल्पात केंद्राने पहिल्यांदा ‘जेंडर बजेट’चं विवरणपत्र जोडलं, पी. चिदंबरम अर्थमंत्री असताना. प्रत्येक मंत्रालयाने सांगायचं, की आपल्या पैशातला किती बायकांसाठी जातो. पहिल्या भागात पूर्ण बायकांच्या योजना, दुसऱ्यात निदान ३० टक्के बायकांसाठी असलेल्या. मग हे काम कोण करणार, म्हणून मंत्रालयांत जेंडर बजेटचे कक्ष काढले, अधिकाऱ्यांना शिकवलं. चांगलं झालं. पण हिशेबाच्या गमतीही झाल्या. इंदिरा आवास योजना अख्खीच्या अख्खी बायकांच्या खात्यात धरली, का तर घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे द्यायचं असा नियम होता. आता घरात राहतात सगळेच, आणि नाव खरंच दोघांचं लागलं का, हे विवरणपत्रातून कळत नाही. ते ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा काढूनच कळतं. आपापल्या घरकुलाचा उतारा काढून बघाच एकदा.

महाराष्ट्राचं नाव यात चांगलं आहे, तेही सांगू. देशातलं पहिलं राज्य महिला धोरण आपल्याकडे १९९४ साली आलं, शरद पवार मुख्यमंत्री असताना. त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती राज्याने केली. केंद्राला त्यासाठी २००५ उजाडलं. त्यानंतर २००१, २०१४ आणि २०२४ अशी आणखी तीन धोरणं आली. धोरणांना तोटा नाही.

पण धोरण गावात येतं तेव्हा काय होतं? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आम्ही ज्या गावांत फिरतो तिथे त्या १० टक्क्यांची शिलाई मशीन होतात, नाहीतर संक्रांतीचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम. एका गावात आमच्या बायकांनी महिला सभेत मागणी केली, की या पैशातून शेतावर जाणाऱ्या वाटेवर बायकांसाठी संडास बांधा आणि बाजाराच्या दिवशी मुलं सांभाळायची सोय करा. ग्रामसेवक म्हणाले, ‘ताई, हे महिला-बालकल्याणात बसत नाही. मशीन घ्या, मशीन बसतं.’ माणूस वाईट नव्हता हो. त्याला तेच शिकवलं होतं, की बाई म्हणजे शिलाई. आमच्या बायकांनी मागणी ठरावाच्या वहीत जशीच्या तशी लिहायला लावली. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिथे लिहिलेलं नंतर पुसता येत नाही. संडासाचं काम अजून झालेलं नाही, पण ठराव आहे.

आता समोर काय आहे? सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण सांगतं, की २०२४ साली घरातल्या बिनपगारी कामावर बाई दिवसाला २८९ मिनिटं घालवत होती आणि असं काम करणारा पुरुष ८८ मिनिटं. २०१९ला हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बाईचं काम दहा मिनिटांनी कमी झालं, आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली. यावर आम्ही काही बोलत नाही, तुम्हीच हसा.

आणि जनगणना येतेय. २०११नंतर इतक्या वर्षांनी. १६ जून २०२५ला तिची अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिनांक आहे. २०११ला कामकरी बायकांचा आकडा २५.५वर अडकला होता. या वेळी प्रगणक मोबाइलवर माहिती भरणार. त्याला प्रशिक्षण मिळेल, पण दिवसाला अनेक घरं करायची असतात आणि दुसरा प्रश्न विचारायला वेळ लागतो. तो दारात येईल तेव्हा तुम्ही रानात असाल, तर उत्तर सासरे देतील, नाहीतर मालक. म्हणून घरात आधीच बोलून ठेवा. खुरपणी किती दिवस, वेचणी किती दिवस, म्हशीचं कोण बघतं, दुसऱ्याच्या शेतावर किती दिवस गेलात. वर्षाचे दिवस मोजले, तर १८३च्या पुढे जाणाऱ्या तुमच्यात कितीतरी निघतील.

या महिन्याच्या गट बैठकीत प्रत्येकीला दोन गोलांचा एक कागद मिळेल, एक गोल तुमचा, एक घरातल्या पुरुषाचा. त्याच्या मागच्या बाजूला बारा महिन्यांचे रकाने आहेत. कोणत्या महिन्यात कोणतं काम आणि किती दिवस, एवढंच भरायचं. लिहिता येत नसेल त्यांनी मुलीला, सुनेला किंवा मुलाला सांगून भरून घ्यावं. मुलाला सांगितलंत तर जास्त बरं. शाळेतल्या ज्या गुरुजींना आणि बाईंना जनगणनेचं काम लागेल, त्यांना आम्ही पुढच्या एका भागात स्टुडिओत बोलावणार आहोत. त्यांना काय विचारायचं ते कागदाच्या तळाशी लिहून पाठवा.